डावी पाकळी

शाबादादांना फोन करायचाय. चार दिवस झाले, नंबर काढते, त्याच्याकडे बघते आणि फोन पालथा घालून ठेवते. कोण उचलेल आणि काय ऐकायला मिळेल, याचीच भीती वाटते. तशी मी काही भित्री बाई नाही. कारखान्यात माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. भिण्याचं खातं आमच्याकडे एकट्या शाबादादांकडे होतं, आणि ते त्यांनी बारा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत इमानाने सांभाळलं.

गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. औषधांच्या बाटल्यांची बुचं तयार होतात. मी ऑफिसात हजेरी, पगार आणि प्रॉव्हिडंट फंडाचं काम बघते. शाबा गावस हे तिथले सेफ्टी सुपरवायझर. उंच, सडपातळ, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, आणि वर्षानुवर्षं हेल्मेट घालून कपाळावर उमटलेला एक पट्टा. आम्ही दोघंही पेडण्याहून कंपनीच्या बसने जायचो. बस स्टँडवर लागली की सगळे धावत जाऊन जागा पकडत. शाबादादा आधी ड्रायव्हरपाशी जात आणि त्याचे डोळे बघत.

"दादा, देवाशपथ, पोटभर निजलंय," ड्रायव्हर कंटाळून म्हणायचा.

"बरां. पण सावकाश हाक."

मग ते डावीकडच्या तिसऱ्या जनेलापाशी बसत, कारण संकटात बाहेर पडायची खिडकी तीच. बसल्या बसल्या तिची कडी एकदा उघडून परत लावत. खिशात शिट्टी, छोटी बॅटरी, सेफ्टी पिना, मीठ-साखरेची पुडी आणि एका कागदावर हाताने लिहिलेले पंधरा फोन नंबर. नंबर मोबाईलमध्ये असताना कागद कशाला, असं मी एकदा विचारलं.

"मोबाईल बंद पडता."

"कधी पडलाय?"

"अजून नाय. आनी झालाच तर?"

हा त्यांचा प्रश्न. कुणी काहीही म्हणो, शाबादादा मान किंचित तिरकी करून विचारणार, "आनी झालाच तर?" पोरांनी त्यांचं नावच 'झालाच तर' पाडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना वाईट काही वाटत नव्हतं.

नवीन कामगार लागले की शाबादादा पहिल्याच दिवशी त्यांना फाटकाबाहेर नेत आणि रस्ता ओलांडायला शिकवत. बेळगावकडून, कोल्हापूरकडून आलेले मिशाळ बापये बालवाडीसारखे रांगेत उभे. "उजवीकडे बघा. डावीकडे बघा. परत उजवीकडे. तीनदा बघल्याशिवाय पाय घालायचो नाय." आम्ही ऑफिसच्या खिडकीतून बघून हसायचो. पण एक सांगते, बारा वर्षांत आमच्या फाटकासमोर एकाही माणसाला खरचटलं नाही.

आणि ते नुसते भित्रे होते असंही नाही. एकदा प्रेस मशीनपाशी खरोखर आग लागली. भोंगा झाला, सगळे बाहेर पळाले. मी बायकांच्या संडासात होते आणि पंख्याच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दारावर धडाधड थापा पडल्या. "बाय, भायर ये! केस मागीर विंचर!" दार उघडलं तर समोर शाबादादा, डोळे लाल, मागे धूर. माझं मनगट धरून त्यांनी मला बाहेर ओढत आणलं. आग विझल्यावर कुणीतरी त्यांच्या हातात चहा दिला, तर त्यांना कप धरवेना. सगळा चहा बशीत आणि बशीतला शर्टावर. "भियेलंय गे," ते म्हणाले. लपवणं वगैरे त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

त्यांच्या बायकोचं नाव इंदू. आम्ही त्यांना वयनी म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. चवथीला घरी गेलं की वयनी हळदीच्या पानातल्या पातोळ्या पुढ्यात ठेवत आणि नवऱ्याकडे डोळ्यांनी खूण करून म्हणत, "सगळ्यांच्या घोवांक कामाचो पगार मेळता. माज्या घोवाक भिवाक पगार मेळता." शाबादादाही हसत आणि हसता हसता गॅसचं बटण नीट बंद आहे का ते बघून येत.

फंडाच्या बाबतीत मात्र ते हसत नसत. आमच्याकडे मल्लाप्पा म्हणून बेळगावकडचा एक कामगार होता. त्याला मोटारसायकल घ्यायची होती, म्हणून काहीतरी कारण दाखवून फंड उचलायला तो माझ्याकडे आला. कुठूनसं कळलं आणि शाबादादा हेल्मेटसकट ऑफिसात शिरले.

"माझंच पैसं हायती न्हवं, दादा?" मल्लाप्पा म्हणाला.

"ते तुजे न्हय. तू उद्या म्हातारो जातलंस, त्या म्हाताऱ्याचे ते. तेका विचारलंस?"

मल्लाप्पा गेला. मग शाबादादा माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदा त्यांच्या बापाची गोष्ट त्यांनी मला सांगितली. बाप खनिजाच्या बार्जवर खलाशी. उभा जन्म मांडवीच्या पाण्यावर गेला. मालक रोख देई. फंड नाही, पेन्शन नाही. हात थकले तसा घरी येऊन सोप्यावर बसला. "विडयेक पैशे होये आसायचे. सकाळधरून विचार करी, आज कोणाकडे मागू. माज्याकडे मागूक तेका लज दिसायची. मी जवळसून गेलंय काय घसो खाकरी, मागीर गप रवायचो." शाबादादा स्वतः कधी विडी ओढत नव्हते. तरी सांगताना त्यांचा हात शर्टाच्या खिशाशी गेला होता. "बाय, माका आगीचा भय दिसना तितक्या त्या सोप्याचा दिसता," ते म्हणाले. पुढे खाणी बंद पडल्या, ओळखीच्या लोकांनी फंड मोडून खाल्ले आणि दारात बसले. त्यामुळे त्यांची ती भीती आणखी पक्की झाली.

मग वयनींना धाप लागायला लागली.

सुरुवातीला त्या चुलीच्या धुराचं नाव सांगत. नंतर जेवण वाढताना मधेच भिंतीला टेकून उभ्या राहायला लागल्या. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती आणि ती बदलल्याशिवाय उपाय नव्हता. डॉक्टरांनी वेळ फार नाही असं स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन बेळगावला लवकर होत होतं, पण सरकारी कार्डातून खर्चाचा एकच भाग भागत होता. घराच्या छपरासाठी सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर होतं. वयनींच्या बांगड्या गेल्या, तरी पुरेना. उरला फंड.

मी म्हटलं, "दादा, आजारपणासाठी उचल मिळते. नियमात आहे. मी आज भरते."

ते हेल्मेट घालून कामावर गेले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. तिसरं जनेल सोडून. तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय.

"तिना देवाक विचारल्यान," ते म्हणाले. "माजी सकाळची शिफ्ट. ती एकलीच गेली देवळात. देवान डावी दिली, बाय."

आमच्याकडे ज्याला त्याला हे कळतं, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मोठं काम असलं की गावच्या देवाचा कौल घेतात. गुरव देवाच्या पाषाणावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार. डावीकडची पडली तर नकार. आणि एकदा कौल झाला की तोच प्रश्न परत न्यायचा नाही. देवाची उलटतपासणी घ्यायची नसते.

"काय विचारलं त्यांनी?"

"फंड मोडून ऑपरेशन करू काय, म्हणान. देव नको म्हणता."

मी शिकलेली, ऑफिसात बसणारी बाई. मी म्हणायला हवं होतं की दादा, पाकळी वाऱ्याने पण पडते. नाही म्हणाले. माझीच जीभ रेटेना. आमच्या घरी माझं लग्नसुद्धा कौल घेऊन ठरलं होतं. तेव्हा उगाच शहाणपणाचा आव आणत नाही. मीही घाबरले होते.

त्यानंतरचे तीन आठवडे मी विसरणार नाही. शाबादादा बसमध्ये चढत आणि ड्रायव्हरचे डोळे बघायचे विसरत. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने सुटकेचा श्वास सोडला, तिसऱ्या दिवशी तोच मला विचारायला लागला, दादांना काय झालंय. फोन वाजला की ते दचकत, आणि नाही वाजला की पाच पाच मिनिटांनी काढून बघत. मीही सकाळी स्टँडवर आधी त्यांचा चेहरा शोधायची. दिसला की वाटायचं, आजचा दिवस तरी वयनी आहेत.

एका गुरुवारी वयनी तुळशीला पाणी घालताना खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. शेजाऱ्यांनी फोन केला. शाबादादा तडक घरी जायचं सोडून माझ्या टेबलाशी आले. हेल्मेट हातात, सगळा घामाने भिजलेला माणूस.

"फॉर्म भर."

"दादा, देवाने..."

"नको म्हटल्यान. ठावक आसा माका. तू भर."

"परत एकदा विचारून..."

"आनी परत डावीच दिल्यान तर?" ते ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग एकदम खाली बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाय, शिक्षा जी आसात ती माका कर, तिका नको, अशा खंय लिवूक येता काय गे त्या फॉर्मात?"

मी हसले नाही. त्यांनीही ते हसण्यासाठी विचारलं नव्हतं. मी कॉम्प्युटरवर एकेक रकाना भरत गेले आणि ते टेबलाची कड धरून बसून राहिले.

पैसे आले, ऑपरेशन झालं, वयनी वाचल्या. मग टाक्यांत पू झाला, म्हणून परत बेळगाव. मग फुप्फुसात पाणी. दुसरी उचल, तिसरी उचल. शेवटी वयनी चालत घरी आल्या तेव्हा शाबादादांच्या फंडात नाव तेवढं उरलं होतं. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्याची एक गोळी दिली. रोज एक, जन्मभर, आणि एकही चुकवायची नाही, चुकवली तर झडपेत रक्ताची गुठळी होते, असं चार वेळा बजावलं. शाबादादांनी ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

वाटेल की आता त्यांची भीती संपली असेल. उलट ती वाढली. त्यांनी देवाची आज्ञा मोडली होती आणि देव कधी ना कधी गाठणार, हे ते धरून चालले होते. माडाची झावळी अंगणात पडली तर देव. विहिरीवर पाय घसरला तर देव. देवळाच्या पायऱ्या त्यांनी परत चढल्या नाहीत. गुरव समोरून आला तर वाट बदलत. जत्रेला लांब आंब्याखाली उभे राहून तिथूनच हात जोडत. रिटायर झाले त्या दिवशी आम्ही शाल दिली, नारळ दिला. बोलायला उभे राहिले तर एवढंच म्हणाले, "सगळ्यांनी बघान चला." आणि खाली बसले.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या पेन्शनचे कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेले. पेन्शन म्हणजे चहापावापुरती. शाबादादा पाववाल्या पोदेराकडून उंडे आणायला गेले होते. वयनी सोप्यावर तांदूळ निवडत होत्या. मी सहज म्हटलं, "वयनी, दादांना समजवा. देवाच्या धास्तीने झुरतायत."

वयनींनी सूप बाजूला ठेवलं आणि वाटेकडे बघून घेतलं.

"देवान उजवीच दिल्ली, बाय," त्या म्हणाल्या. "पाकळी लायल्या लायल्या पडली. गुरवाक सुद्दा अजाप झाला. घराक येयसर मी ठरयला, हेंका डावी म्हणान सांगायचा."

"का पण?"

"ह्याच सोप्यार माजो सासरो बसान रवायचो. विडयेचे पैशे मी तेच्या उशाखाली ठेवी, कोणाक नकळत. हेंका कोण ठेवतला? माज्यामागे कोण आसा हेंका? म्हटला, मी गेलंय तरी पैशे रवतले." त्यांनी परत सूप उचललं. "हेनी देवाक सुद्दा आयकला नाय. आता काय सांगू? तुका देवाची आण आसा, हेंका कळता नये."

तेवढ्यात शाबादादा उंडे घेऊन आले आणि आम्ही तिघांनी चहा घेतला. माझा उंडा चहातच विरघळला.

आता गेल्या मंगळवारचं सांगते. मी कामासाठी धारगळला उतरले होते. हमरस्त्याला लागून एक मोठं बांधकाम चाललंय, त्याच्या फाटकावर निळ्या शर्टात शाबादादा उभे. त्या वयात रखवालदारी. गळ्याचं बटण लावलेलं, खिशात शिट्टी. मला बघून खूश झाले, स्वतःची खुर्ची पुढे केली.

"वयनी कशा आहेत?"

"बऱ्यो आसत. औषधाचो खर्च पण कमी झालो गे. तीस गोळयांची डबी, पयली म्हयन्यात सरायची. आता दोन म्हयने जाता. मी हाडूक गेलंय तर म्हणता, आसत अजून, उगीच हाडू नको." मग ते जरा घुटमळले. "बाय, तू शिकलेली. देवाची आज्ञा मोडली तर देव कितकीं वर्सां थांबता? एकदाचा काय ता करून सोडीत तर बरां. रोज उठान वाट बघूक नको."

हे विचारणारा कोण? त्या आगीतून मला बाहेर काढणारा माणूस. मला राहवलं नाही. देवाची आण वगैरे सगळं विसरले. की आठवत असूनही बोलले, कोण जाणे.

"दादा, देवाने उजवीच दिली होती. तुम्ही काही मोडलं नाहीत. वयनींनी स्वतः मला सांगितलं. फंड तुमच्यासाठी राहावा म्हणून त्या खोटं बोलल्या."

मला वाटलं होतं, त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरेल.

"माज्यासाठी?"

"तुम्ही सासऱ्यांसारखं सोप्यावर बसू नये म्हणून. विडीला पैसे..."

"मी खंय विडी ओढतंय, बाय?"

रस्त्यावरून ट्रक जात होते. शाबादादा स्वतःशीच काहीतरी जुळवत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग त्यांचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. तसा चेहरा मी आगीच्या दिवशीही बघितला नव्हता.

"गोळयो सरनत नाय," ते म्हणाले. "बाय, गोळयो सरनत नाय गे घरात."

आणि तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. रोज एक, तीस गोळ्या, दोन महिने. मघाशी माझ्यासमोरच सांगितलेलं, मी हसून मान डोलावली होती.

फंड गेला, म्हणून आता वयनी गोळ्यांतून वाचवत होत्या.

त्यांनी हातातली काठी माझ्या हातात दिली. बारा वर्षांत एकदाही जागा सोडून न गेलेला माणूस फाटक उघडं टाकून निघाला. पलीकडे पेडण्याला जाणारी बस उभी होती. मी "दादा, थांबा!" म्हणून ओरडले. एक ट्रक जोरात हॉर्न वाजवत त्यांच्या मागून गेला, एक मोटारसायकलवाला ब्रेक दाबून त्यांच्यावर खेकसला. ते त्या रस्त्यातून सरळ चालत गेले आणि बसची दांडी धरून वर चढले. तीनदा बघायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. मंगळवारी त्यांनी एकदाही बघितलं नाही.